सोबत कुणाची तोडता?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक बैठक बसली. नवरा-बायकोचं दोन वर्षांपासून पटत नव्हतं, आता बायकोनं खुला मागितला होता. दोन्हीकडचे मामू-चाचा, जमातीचे चार बुजुर्ग, आणि कागद लिहायला कुणीतरी हवं म्हणून मी. चार तास चर्चा चालली. मेहेर सोडायचा की नाही, जहेजमध्ये आलेलं कपाट कुणाचं, फ्रीज कुणाचा, सोन्याची एक चेन होती ती दोन्ही घरं आपली म्हणत होती. चेनवर पाऊण तास गेला. मुलांचा विषय निघाला तेव्हा चहाचे कप उचलले जात होते, आणि कप आत जाईपर्यंत तो संपलाही. मुलगा बारा वर्षांचा, तो बापाकडे. मुलगी चौदाची, नववीत, ती आईबरोबर नानीच्या गावी. "लडकी है, नानी के पास रहेगी तो अच्छा," एक बुजुर्ग म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

बाहेर आलो तर ती मुलगी पायरीवर बसली होती. शेजारी तिची मैत्रीण, बालवाडीपासूनची. ही त्या दिवशी शाळेत गेली नव्हती, म्हणून मैत्रीण तिच्या वहीत गणिताचा बुडालेला तास उतरवून देत होती. दोघी काही बोलत नव्हत्या. तेवढ्यात मैत्रिणीची आई आली. तिनं वही मिटली, पोरीचा दंड धरला आणि म्हणाली, "चल घर. अब इसके साथ ज्यादा उठना-बैठना नक्को. इनके घर का माहौल ठीक नै."

हे त्या मुलीच्या समोर. खुला झाला त्याच दिवशी, त्याच तासाला.

मुलगी ओळखू येऊ नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. वाक्य मात्र बदललेलं नाही, कारण हे वाक्य मी याआधीही ऐकलं आहे आणि मराठी मुसलमानांच्या कुठल्याही मोहल्ल्यात ते ऐकायला मिळतं. मोहल्ल्यातच कशाला, शेजारच्या आळीत हेच वाक्य शुद्ध मराठीत बोललं जातं: "त्यांच्या घरात काही चांगलं चाललेलं नाही, तू जात जाऊ नकोस." या बाबतीत दोन्ही समाजांत उत्तम एकोपा आहे.

तलाकवर आपण साठ वर्षं भांडतो आहोत. 1966 साली हमीद दलवाईंनी सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला. 1985 साली शाहबानोचा निकाल आला, पुढच्याच वर्षी संसदेनं त्यावर कायदा केला. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक बाद ठरवला आणि 2019 साली तसा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आली. यातल्या प्रत्येक वळणावर मौलवी बोलले, पुरोगामी बोलले, टीव्हीवाले तर विचारू नका. मी स्वतः पानंच्या पानं लिहिली आहेत. ते सगळं फुकट गेलं असं मी म्हणत नाही, बाईला दाद मागायला जागा मिळाली ती त्या भांडणातूनच. पण त्या सगळ्या भांडणात मूल येतं ते कलमात. 2019 च्या कायद्यात सहावं कलम अल्पवयीन मुलांचा ताबा आईला देतं. 1997 साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तलाकनंतरही मुसलमान बापानं मुलं सज्ञान होईपर्यंत त्यांची पोटगी दिलीच पाहिजे. ताबा आणि पोटगी. म्हणजे मूल कुठे झोपेल आणि काय खाईल. ते संध्याकाळी कुणाशी बोलेल, हा प्रश्न कुठल्या मौलवीनंही काढला नाही आणि आम्ही सुधारणावाल्यांनीही नाही.

आपल्याकडे या मुलांसाठी शब्दसुद्धा नाही. बाईला आहे: तलाकशुदा, परित्यक्ता, घटस्फोटिता. ज्याचा बाप वारला ते मूल यतीम. यतीमासाठी आपलं मन लगेच पाझरतं, आणि पाझरायलाच हवं, कुरआनात त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा आहे. रमजानमध्ये यतीमखान्याला पैसे जातात, ईदला कपडे जातात. पण ज्याचे आईबाप दोघंही जिवंत आहेत आणि एका छताखाली नाहीत, ते मूल आपल्या कुठल्याच यादीत बसत नाही. त्याच्या डोक्यावर कुणी हात ठेवत नाही. उलट लोक त्याच्याकडे घरातली बातमी काढायला जातात. "अब्बा आते क्या रे? पैसे भेजते क्या?" मला हे विचारणाऱ्या चाच्या अजून हयात आहेत. त्या आता माझे लेख वाचतात असं कळतं, तर सलाम.

हो, मी त्यातलाच. 1998 साली मी आठवीत होतो. मिरजेत राहायचो. अब्बा पुण्याला गेले आणि मग तिथलेच झाले. तलाकचा कागद पुढे दोन वर्षांनी आला, पण घर 1998 लाच उठलं होतं. त्या दिवसांत मला सांभाळलं कुणी, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर द्यायला मला एक क्षणही लागत नाही. अम्मानं नाही, ती स्वतःच सावरत नव्हती. शाळेनं नाही. तिथं एका सरांनी पालक सभेला भर वर्गात विचारलं होतं, "तुझे वडील नेमके असतात कुठे?" जमातीनं तर नाहीच. मला सांभाळलं माझ्याच वर्गातल्या एका पोरानं. त्याच्या घरी सतारी बनत.

मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे, दीडशे वर्षांहून जुना धंदा. पंढरपूर भागातून भोपळे येतात, मोठाले, वाळलेले. ते कापायचे, दांडी बसवायची, घासायचं, रंगवायचं, शेवटी जवारी काढायची. माझ्या मित्राचे अब्बा जवारीचं काम करत. घोडीवर कानस चालवायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा कानस. मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसे. पहिल्या दिवशी मित्रानं मला काही विचारलं नाही. त्यानं पॉलिश पेपरचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि अर्धा घासलेला भोपळा पुढ्यात सरकवला. आम्ही दोघं मगरिबच्या अजानपर्यंत घासत बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. आठ-दहा दिवसांनी मीच बोलायला लागलो, तेही भोपळ्याकडे बघत. तो "हं" म्हणायचा. आजकाल समुपदेशक लोक ज्याला ऐकून घेण्याचं कौशल्य म्हणतात आणि त्याची शिबिरं घेतात, ते त्या पोराकडे होतं. पोरगा गणितात दोनदा नापास झालेला.

पहिल्यांदा मला पुण्याला अब्बांना भेटायला पाठवलं तेव्हा तो माझ्याबरोबर आला. कोयना एक्स्प्रेसनं. त्यानं घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. पुणे स्टेशनवर अब्बा समोर आले तेव्हा तो दहा पावलं मागे थांबला, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत त्यानं फक्त एवढंच विचारलं, "वडा खायेगा?" एका ईदला मी सकाळी नमाजनंतर कुठल्या घरी आधी जायचं म्हणून ईदगाहच्या बाहेर नुसताच उभा होतो. अब्बा तेव्हा मिरजेत फुफीकडे उतरले होते, अम्मा घरी वाट बघत होती. तो आला आणि म्हणाला, आधी आमच्याकडे चल, शीरखुर्मा तयार आहे. निर्णय तासभर पुढे ढकलला गेला. तेवढा तास मला पुरला.

मुलं एकमेकांसाठी जे करतात ते एवढंच असतं आणि एवढ्याच आकाराचं असतं. डबा दोघांना पुरेल असा आणायचा, पण मुद्दाम आणल्याचं दाखवायचं नाही. दप्तर स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचं, कारण त्याचं घर सारखं बदलतंय. वर्गात कुणी आईबापाचा विषय काढला तर क्रिकेटचा विषय काढायचा. रात्री अकराला मेसेज आला, "सोया क्या?" तर झोपलेलं असलं तरी "नै" लिहायचं. मोठ्यांना यातलं काहीच जमत नाही. मोठ्या माणसाला या मुलाकडे बघून आधी दया येते, मग सल्ला सुचतो, आणि शेवटी चूक कुणाची होती ते जाणून घ्यायचं असतं. मित्राला या तिन्ही गोष्टींत रस नसतो. त्याला दुपारी खेळायला एक गडी हवा असतो, आणि त्या मुलाला, ज्याच्याकडे सगळे 'बिच्चारा' म्हणून बघतात, तसं साधं कुणालातरी हवं असणं फार मोठं वाटतं.

आता त्या बाईकडे येतो, जी पायरीवरून पोरीला ओढून घेऊन गेली. ती वाईट बाई नाही. तिला भीती आहे. आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात सोहबतीची ती हदीस नेहमी येते, अत्तरवाला आणि लोहाराचा भाता. चांगल्या माणसाजवळ बसलात तर काही नाही तरी सुगंध घेऊन याल, वाईटाजवळ बसलात तर कपडे जळतील नाहीतर धुराचा वास येईल. हदीस सुंदर आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. माझी तक्रार ही की आपण ती ऐकताना दर वेळी गृहीत धरतो की अत्तरवाले आपण, आणि भाता शेजाऱ्याचा. तुमची मुलगी खरोखर अत्तरवाल्याच्या घरची असेल, तर तिनं कुठे बसायला हवं? ज्यांच्या घरात आधीच सुगंध आहे तिथं? आणि जिच्या घराला आग लागली, ती चौदा वर्षांची पोरगी लोहार कशी झाली? भाता तिनं चालवला होता का?

आपल्या रोजच्या मराठीतला 'सोबत' हा शब्द याच 'सोहबत'मधून आलेला आहे, अरबी-फारसीतून. 'सहाबा' याच मुळातला. पैगंबरांच्या साथीदारांना आपण ज्या नावानं ओळखतो त्याचा अर्थच सोबत असलेले. अडचणीच्या काळात जे सोबत राहिले त्यांचं एवढं मोठं नाव आपल्या दीनमध्ये आहे, आणि आपण पोरांना शिकवतो काय, तर अडचण दिसली की दंड धरून घरी चल.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "तलाकवाल्या घरातली पोरं बिघडतात, आपलं पोर त्यांच्या नादाला लागलं तर?" बिघडतात, कधीकधी. मी खोटं बोलत नाही, मावा मी त्याच वर्षांत पहिल्यांदा खाल्ला. पण कुणाबरोबर ते सांगतो. नववीत असताना माझ्या मित्राच्या चाचांनी त्याला माझ्याबरोबर दिसलास तर बघ म्हणून दम दिला. तीन महिने तो मला भेटला नाही. त्या तीन महिन्यांत माझ्या शेजारी कोण येऊन बसलं? ज्यांना कुणी दम देत नव्हतं ते. ज्यांच्या घरात कुणी विचारत नव्हतं कुठे होतास. स्टँडमागच्या टपरीवर त्यांनी मला जागा दिली, आणि मावाही त्यांनीच दिला. तुम्ही चांगल्या घरची पोरं काढून घेता, मग ती जागा रिकामी राहत नाही. मग एक दिवस तुम्हीच बोट दाखवता, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का.

तीन महिन्यांनी त्याच्या अब्बांनी, त्या जवारीवाल्यांनी, भावाला सांगितलं, "बच्चा दुकान में बैठता है, मेरे सामने बैठता है. तुमको क्या तकलीफ?" एवढं एकच वाक्य. मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भोपळे घासायला लागलो. त्या माणसानं मला कधी जवळ घेऊन बेटा वगैरे म्हटलं नाही. बसू दिलं. मोठ्यांकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

आणि मुलींचं याहून वाईट असतं. मुलगा निदान टपरीवर तरी जाऊ शकतो. आईबाप वेगळे झाले की मुलीवर पहारा दुप्पट होतो. डोक्यावर बाप नाही, लोक काय म्हणतील. तिचा फोन काढून घेतात, ट्यूशन बंद होते, मैत्रिणींकडे जाणं बंद होतं, आणि मग चर्चा सुरू होते की दहावी झाली की उरकून टाकू. हनफी फिकहमध्ये आईकडे मुलाचा हिजानत सात वर्षांपर्यंत आणि मुलीचा ती वयात येईपर्यंत मानला जातो, त्यानंतर बापाचा हक्क. म्हणजे नियम अक्षरशः लावला तर मुलीचं घर बदलायचं नेमकं त्या वयात, ज्या वयात तिच्या मैत्रिणी तिचं अर्धं जग असतात. आमच्या बैठकीत हा नियमही कुणी काढला नाही, सोय बघून ठरवलं. न्यायालयं आता मुलाचं हित आधी बघतात. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यातही मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेण्याची मुभा आहे. हदीसमध्येही एका मुलाला आई की बाप ते स्वतः निवडायला सांगितल्याचा प्रसंग येतो, आणि त्यानं आईचा हात धरला. तेव्हा विचारण्याला दीनचीही आडकाठी नाही आणि कायद्याचीही नाही. आडकाठी आहे ती आपल्या सवयीची. आम्ही चार तास बसलो आणि एकानंही त्या पोरीला आत बोलावून विचारलं नाही की बाई गं, तुझी पुढच्या वर्षी दहावी आहे, तुझी माणसं इथं आहेत, तुला काय हवं? ती याच गावात खालाकडे राहू शकली असती. खालाचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

कुणी म्हणेल, मग सगळं पोरांवरच सोडायचं का. मुळीच नाही. याचाही मला राग येतो, "त्याचे दोस्त आहेत ना" म्हणून हात झटकणाऱ्यांचा. पंधरा वर्षांच्या पोराच्या खांद्याला मर्यादा असते. माझा मित्र एका रात्री माझं ऐकून घरी गेला आणि त्याला ताप भरला, हे मला वीस वर्षांनी कळलं. मैत्रीण रात्री सांगते की मला जगायचं नाही, आणि वर कसम घालते की कुणाला बोलू नको. ही कसम मोडायची असते, आणि ती मोडता यावी म्हणून घरात एकतरी मोठं माणूस असं लागतं जे ऐकल्यावर आरडाओरडा करणार नाही आणि "मैं बोलीच थी" म्हणणार नाही. 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी 14416, दोन्ही फुकट. पण नंबरच्या आधी घरातलं माणूस. आणि ज्या घरात मैत्रीच चोरून करावी लागते, त्या घरातली मुलगी असं काही सांगायला कुणाकडे जाईल?

आईबापांनाही एक सांगायचं आहे, मोडलेल्या घरांतल्या. तुमच्या भांडणात पोराचा निरोप्या करू नका हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, त्याच्या मित्राचाही करू नका. "तेरा दोस्त क्या बोला रे, पप्पा के घर कौन आती?" माझ्या मित्राला हे विचारलं गेलं होतं. त्यानं सांगितलं, मला माहीत नाही चाची. त्याला सगळं माहीत होतं.

ती मुलगी बैठकीनंतर आठव्या दिवशी गेली. तिच्या मैत्रिणीचा फोन तिच्या आईनं काढून घेतला आहे. मी त्या आईला जाऊन भेटलो. त्यांच्या दारातच उभं राहून बोललो, बसा म्हणाल्या नाहीत. मी सांगितलं की त्या पोरीशी बोलायचं असेल तर तुमच्या मुलीनं आमच्या घरून बोलावं, माझी बायको घरी असते, तुम्हीही येऊन बसा. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "देखेंगे," म्हणाल्या.

गेल्या शनिवारी असरनंतर ती पोरगी आली. हातात गणिताची वही होती. माझ्या बायकोनं फोन लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेली. मी ओट्यावर येऊन बसलो. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग वहीची पानं उलटल्याचा आवाज, आणि ती सावकाश एकेक पायरी वाचून दाखवायला लागली, पलीकडून उतरवून घेता येईल एवढ्या वेगानं.